फोर-व्हीलची मालिश

आयुष्यात एकदाही गाडीखाली न शिरलेला माणूस गाड्यांच्या वर्कशॉपचा फोरमन होऊ शकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी नऊ वर्षं पाहिलंय. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मला तरी पहिले सहा महिने कुठे खरं वाटत होतं!

आम्ही त्यांना नाना म्हणायचो. जळगावात पिंप्राळ्याच्या अंगाला आमच्या पाणीपुरवठा खात्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मे महिन्यात दुपारी आत हातोडा ठेवला, तर उचलताना पकड लागायची. त्या भट्टीत नाना कडक स्टार्चचा पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि टोपी घालून लाकडी खुर्चीत बसलेले असत. सकाळी दहाला जशी इस्त्री, तशी संध्याकाळी सहाला. ग्रीसचा एक ठिपका नाही. नवीन माणूस आला की हरखून म्हणायचा, "काय स्वच्छ माणूस हो!" अहो, खाणावळीतला आचारी अंगाला पिठाचा कण न लागता रोज घरी जात असेल, तर त्याचं कौतुक करायचं की पोळ्या कोण लाटतंय ते बघायचं?

नाना गाडी तपासायचे म्हणजे गाडीची नाडी बघायचे. ही थट्टा नाही. गाडी खुर्चीसमोर आणून उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं. मग नाना खुर्चीतूनच हात लांब करून मडगार्डवर तीन बोटं ठेवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही सगळे ड्रायव्हर श्वास रोखून उभे. पाचेक मिनिटांनी डोळे उघडायचे आणि निदान सांगायचे, "पित्त वाढलंय."

त्यांचा एक मोठा सिद्धांत होता. गाडी म्हणजे शरीर. डिझेल म्हणजे पित्त, ग्रीस म्हणजे कफ, टायरमधली हवा म्हणजे वात. या तिघांचा तोल बिघडला की गाडी बिघडते. हा सिद्धांत त्यांनी कुठल्या ग्रंथात वाचला होता कुणास ठाऊक. त्यांच्या टेबलावर ग्रंथ म्हणून एकच वस्तू होती, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. पण बोलणं असं ठाम की समोरच्याला वाटावं, आपणच आजवर गाड्या उगाच पान्यांनी खोलत बसलो.

एका उन्हाळ्यात जीपचं इंजिन फार तापतंय म्हणून तक्रार आली. नानांनी नाडी पाहिली आणि जामनेरच्या बाजारातून वाळ्याच्या दोन जुड्या मागवल्या. माठात घालतात तोच सुगंधी वाळा. तो त्यांनी माझ्या हातून रेडिएटरमध्ये घालून घेतला. पहिले दोन दिवस जीप अत्तराच्या दुकानासारखी घमघमली. तिसऱ्या दिवशी वाळ्याची मुळं रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसली आणि जीपनं एवढी वाफ सोडली, की शेजारच्या कॉलनीतल्या बायका सुकत घातलेल्या कुरडया उचलायला धावल्या. त्यांना आभाळ आलंसं वाटलं. नाना खुर्चीतून न हलता म्हणाले, "बघ. आतला दाह बाहेर पडला."

असा माणूस टिकला कसा, असं तुम्ही विचाराल. एक तर नानांच्या आधी खात्यात कोण होतं, हे सांगायला कुणी शिल्लक नव्हतं. आणि दुसरं म्हणजे आमच्या जुन्या जीपा. लोखंडाचे रेडे होते ते! दुष्काळ, पूर, निवडणुका, सगळं सोसून उभे. नानांच्या औषधांनाही ते पुरून उरले. नाना मात्र समजायचे, की रेडे आपल्या औषधानं जगलेत.

मग नव्वदच्या पुढेमागे, परदेशी मदतीच्या पाणी योजनेतून आमच्याकडे ती फोर-व्हील आली.

नाजूक बाईसारखी गाडी. चारही चाकांना इंजिनाची ताकद. आता पुढचं चाक वळणारही आणि ताकदीनं फिरणारही, म्हणजे त्याला ताकद नेणाऱ्या दांड्याला सांधा हवा. तसा प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा. सांध्यात पोलादी गोळ्या, गोळ्यांभोवती खास काळं ग्रीस, आणि ते ग्रीस आत राहावं, धूळ बाहेर राहावी म्हणून वरून पेटीच्या भात्यासारखं चुण्याचुण्यांचं रबरी आवरण. त्याला बूट म्हणतात. दोन्ही तोंडांना पट्ट्या आवळलेल्या. सगळी मिळून वीतभर वस्तू, पण ती फाटली की सांधा मेला म्हणून समजा. ग्रीस उडून जातं, धूळ आत जाते, आणि धूळ अन् उरलेलं ग्रीस मिळून त्याचं असं वाटण होतं की पोलादही झिजतं.

हे शिकवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. स्वतः गाडीखाली गेला आणि मलाही ओढून नेलं. "दर आठवड्याला बॅटरी घेऊन चुण्या बोटांनी उघडून बघा," म्हणाला. "चीर दिसली, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, की थांबायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवा, कटकट आवाज आला तर सांधा गेला. बूट बदलताना जुनं ग्रीस रॉकेलनं धुवा, कोरडं करा, नवं भरा. आणि रबराला तेल लागू देऊ नका." चार नवे बूटही सीलबंद पाकिटांत देऊन गेला. ते नानांनी सही करून स्वतःच्या कपाटात ठेवले आणि चावी जानव्याला बांधली.

इंजिनिअर गेल्यावर नाना मला म्हणाले, "पोरगं हुशार आहे. पण सांधा म्हणतंय आणि तेल लावू नका म्हणतंय! सांध्याला तेल नको, तर काय सुंठ लावायची?"

पुढल्या शनिवारपासून फोर-व्हीलची मालिश सुरू झाली.

घाण्याचं तिळाचं तेल. त्यात ओवा, लसणाच्या पाकळ्या, चिमूटभर हिंग. वर्कशॉपातल्या वेल्डरच्या शेगडीवर लोखंडी पळीत कोमट करायचं. नाना खुर्चीत बसून छडीनं दाखवायचे, आणि मी गाडीखाली उताणा पडून चारही रबरी बुटांना तेल जिरवायचो. "वरून खाली. वरून खाली. उलटा हात नको, वात चढतो!" तासभर. घरी माझ्या सख्ख्या लेकराला मी इतकी मालिश केली नव्हती. बायको ओरडायची, "गाडी धुवून येता का भजी तळून?" आणि रस्त्यानं निघालो की पिंप्राळ्यापासून स्टेशनापर्यंत कुत्री मागं. एकदा तर मोजली. सतरा होती. अठरावं चालून थकलं म्हणून परत गेलं.

धुळ्याला आग्रा रोडवर एका मारवाडी शेठचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. सहज म्हणून त्याला विचारलं. शेठनं कपाळावर हात मारला. "रबराला तेल? अरे भाऊ, तो बूट आहे की भजं? फुगेल, मऊ पडेल, आणि मग असा फाटेल की बघत बसशील. तुझ्या फोरमनला सांग."

सांग म्हणणं सोपं. माझी अडचण ऐका. मी सात वर्षं रोजंदारीवर ड्रायव्हर होतो. कायम होण्याची फाइल वर गेलेली. त्या फाइलला दरसाल एक शेरा लागायचा, 'चालक वाहनाची निगा चांगली ठेवतो.' आणि तो शेरा लिहिणारा हात नानांचा. मडगार्डवर तीन बोटं ठेवणारा तोच हात. तरीही मी एकदा धीर करून म्हणालो, "नाना, बूट फुगायला लागलेत. दाबलं की बोट रुततं."

"रुतणारच. मुरलंय तेल."

"शेठ म्हणत होता..."

"तू ड्रायव्हर," नाना म्हणाले. "घोडा हाक. नालबंदाला शिकवू नको. आणि यंदाचा शेरा अजून लिहायचाय हो मला."

मी गाडीखाली गेलो आणि मालिश केली. आज मला नानांची जेवढी कीव येते ना, तेवढीच त्या गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाची येते.

दिवाळीच्या सुमारास पहिली चीर दिसली. डावीकडच्या बाहेरच्या बुटाची एक चूण उकलली होती, आणि चाकाच्या आतून काळ्या ग्रीसची रांगोळी. मग वळणावर आवाज सुरू झाला. कट, कट, कट. कुणी सुपारी कातरावी तसा. मी खुर्चीत बसलेल्या नानांसमोर वर्कशॉपच्या अंगणात गाडी गोल फिरवली. सहा फेऱ्या. ते ऐकत होते, मान डोलवत होते.

"म्हातारपणी कुणाची हाडं वाजत नाहीत?" शेवटी म्हणाले.

"नाना, गाडीला दोन वर्षं झालीत."

"गाडीचं वय वेगळं असतं. आता बुधवारीही मालिश."

"कपाटातला नवा बूट घालू या ना. चार आहेत."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी त्यांच्या मुलीचे दागिने मोडायला मागितले. "ते अडीअडचणीला," म्हणाले आणि चावी सदऱ्याच्या आत सारली. दोन बोटांची चीर म्हणजे अडचण नव्हे, तर अडचण कशाला म्हणतात, हे मला शिंदखेड्याच्या पुढे समजलं.

त्या दिवशी मागं आमचे धुळ्याच्या कचेरीतले मोठे साहेब बसले होते. जाडजूड माणूस, तोंडानं कडक, फायलीनं त्याहून कडक. एका गावच्या विहिरीची पाहणी होती. वाटेत नाला. पाणी घोटाभर, खाली काळी चिकट माती. मी चारही चाकांना ताकद देणारा गिअरचा दांडा ओढला, गाडी घातली, पलीकडच्या काठाला चढताना स्टिअरिंग डावीकडे मोडलं आणि थोडा जोर दिला. खालून असा आवाज झाला, की अख्ख्या नाल्यातले बगळे उडाले, आणि माझ्या अंदाजानं तापी ओलांडूनच खाली बसले. सांधा फुटला. तुकडे आत अडकले आणि चाक वाकडं झालं ते वाकडंच. गाडी पोटावर बसली.

काठावर एक म्हातारा बैलजोडी घेऊन उभा होता. त्याला घाई नव्हती. बिडी संपवली, मग खाली आला आणि चाकाशी वाकला.

"भाऊ, हाई काय शे? गाडीले फोडणी दियेल शे का? लसूनना वास ई राह्यना."

"आबा, जरा बैल लावा," मी म्हणालो.

"लावस ना. तुन्ही गाडीले चार चाकं शेतस, मन्ह्या बैलेसले आठ पाय शेतस. कोन जिकस दखू!"

बैल जिंकले. साहेबांना तो चार मैल बैलगाडीतून घेऊन गेला, आणि वाटभर त्यांना समजावत गेला, की बठ्ठा म्हणजे सगळा बिघाड यंत्राला जास्त पाय दिल्यामुळे होतो. साहेब गाडीतून उतरले ते गुडघे धरूनच.  

आठवडाभरात नानांचा अहवाल गेला. सुंदर अक्षर होतं. 'चालकाने चाक पूर्ण वळवून बेफाम वेगाने वाहन हाकल्याने सांधा निकामी झाला. वाहनाची देखभाल वर्कशॉपकडून नियमित, आठवड्यातून दोनदा होत असे.' त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, हेच तर दुर्दैव! मागोमाग माझ्या हातात नोटीस. आपणांस कामावरून कमी का करण्यात येऊ नये? सात वर्षांची फाइल, आणि त्यावर बसलं एक पान.

घरी मी बायकोला वाचून दाखवलं. ती पोळी भाजत होती. म्हणाली, "मालिश तुम्हीच केली ना? मग लिहा तसं. तेल कुणाच्या हुकमानं लावलं तेही लिहा."

मी लिहिलं नाही. मी एवढंच लिहिलं, की सांधा साहेबांच्या समोर खोलावा. त्यात जे निघेल ते मला मान्य.

साहेब जळगावला आले. नानांची खुर्ची साहेबांना दिली गेली, त्यामुळे नाना पहिल्यांदाच उभे राहिलेले दिसले. अगदी ताठ, खांबासारखे. "साहेब," म्हणाले, "सांधा खोलला की त्याचा प्राण जातो."

"तो गेलाय, नाना," साहेब म्हणाले. "मी होतो तिथं."

मी बुटाची पट्टी कापली. कापायची गरजच नव्हती, रबर हातात आलं, भिजलेल्या पावासारखं. आतून काय निघालं म्हणता! ग्रीस म्हणाल तर बोटभर नाही. काळी माती, वाळू, गवताची काडी, ओव्याचे दाणे आणि एक लसणाची पाकळी. शपथेवर सांगतो, पाकळीला मोड आला होता. साहेबांनी ती चिमटीत धरून उजेडात बघितली.

"हे काय आहे?"

"औषध," नाना म्हणाले.

"आणि नवीन चार बूट आले होते, ते?"

"आहेत, साहेब. जपून ठेवलेत."

"आणा."

नाना कपाटाकडे निघाले आणि तिथं मला ती गोष्ट पहिल्यांदा दिसली. हा माणूस चालताना गुडघ्यात वाकत नव्हता. सात वर्षं मी समजत होतो, की इस्त्री मोडू नये म्हणून बसून राहतात. कपाट उघडलं. दोन पाकिटं सीलबंद. दोन रिकामी.

"दोन कुठं गेले?" साहेबांनी विचारलं.

  नानांनी खाली बघितलं, दोन्ही हातांनी पायजमा घोट्यापासून वर घेतला, आणखी वर घेतला. आणि साहेब, मी, दारातला वेल्डर, तिघांनीही पाहिलं. नानांच्या दोन्ही गुडघ्यांवर दोन नवेकोरे, काळेभोर, चुण्याचुण्यांचे रबरी बूट चढवलेले होते. दोन्ही तोंडांना पट्ट्या. कडेनं थोडं ग्रीस डोकावत होतं.

"सांधा तो सांधा," नाना हळू म्हणाले. "ग्रीस आत राहिलं पाहिजे, साहेब."

वेल्डर तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. मला वाटलं, आता साहेबांचा आवाज पत्रे उडवणार. नानांची नोकरी गेली, माझी वाचली. मी मनातल्या मनात पेढे वाटायला घेतले होते.

साहेब उठले. एक हात खुर्चीवर, एक हात टेबलावर, तोंडातून 'हुं' काढत. दार लावून घेतलं. परत येऊन नानांच्या गुडघ्याशी वाकले, जेवढं वाकता येत होतं तेवढं, आणि एका चुणीला बोट लावून पाहिलं.

"आराम पडतो का हो?"

"साहेब," नाना म्हणाले, "आता घरचा जिना चढतो."

"रात्री काढता?"

"नाही. फक्त रविवारी धुतो. रॉकेलनं. मग कोरडं करून नवं ग्रीस."

ऐकलंत? रॉकेलनं धुणं, कोरडं करणं, नवं ग्रीस भरणं, पट्टी आवळणं! पुण्याच्या पोरानं सांगितलेलं एकन् एक कलम या माणसाला पाठ होतं. तेल नाही, लसूण नाही. स्वतःच्या सांध्याला अगदी पुस्तकातली निगा, आणि ओव्याची फोडणी सरकारच्या गाडीला!

मी हे मोठ्यानं बोलणारच होतो. पण साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटातल्या दोन सीलबंद पाकिटांकडे, मग परत माझ्याकडे.

"तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे ना?" म्हणाले.

"हो, साहेब."

तिथंच बसून अहवाल लिहिला गेला. 'नाल्यातील बाभळीच्या काट्याने रबरी बूट फाटून सांधा निकामी झाला. चालकाचा दोष नाही. भांडारातील चारही नवे बूट वापरात आणण्यात आले.' यात खोटं काय आहे सांगा? काटा सोडला तर एक अक्षर नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे, माझ्या नेहमीच्या सहीपेक्षा जरा मोठी.

महिन्याभरात मी कायम झालो. साहेब धुळ्याच्या कचेरीचा जिना कठडा न धरता चढायला लागले, आणि कारकून म्हणायला लागले की साहेबांनी योग सुरू केलाय. फोर-व्हीलला शेठकडून एक जुना सांधा मिळाला. त्यावर घालायला बूट काही नव्हता, म्हणून मी सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं बांधली. ती पहिल्या पावसाळ्यातच सुटली. साहेब मागं बसलेले असायचे, पाय मस्त लांब सोडून. डावीकडे वळण आलं, की खालून कट, कट, कट सुरू व्हायचं, आणि मी हॉर्नवर हात ठेवून तो वळण संपेपर्यंत दाबून धरायचो.

"अरे, रस्ता तर मोकळा आहे," साहेब म्हणायचे. "हॉर्न कशाला?"

"सवय, साहेब," मी म्हणायचो.